ताना तोराजा (सुलावेसी): मयताचे विधी, कड्यातली थडगी आणि जाण्यापूर्वीची तयारी

घाटमाथा

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर, मकासार शहरापासून उत्तरेला सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास तोराजा लोकांचा डोंगराळ मुलूख आहे. २००८ साली त्याचे दोन जिल्हे झाले: दक्षिणेला ताना तोराजा (मुख्य ठिकाण मकाले) आणि उत्तरेला तोराजा उतारा (मुख्य ठिकाण रांतेपाओ). मुक्काम रांतेपाओला करावा. राहण्या-खाण्याची सोय, वाटाडे, रेड्यांचा बाजार आणि बहुतेक स्थळं तिथून जवळ पडतात.

आपल्याकडून जाणाऱ्यांची आखणी बहुधा एकाच ठिकाणी फसते. लोक विमानाची तिकिटं काढतात, दोन रात्री धरतात आणि 'अंत्यविधी कधी असतो?' असं हॉटेलवाल्याला विचारतात. अंत्यविधीचं, म्हणजे रांबू सोलोचं, वेळापत्रक कुठेही छापलेलं नसतं. माणूस गेल्यावर कुटुंब पैसे जमवतं, पापुआ-कालिमांतानसारख्या देशाच्या दुसऱ्या भागांत नोकरीला गेलेली भावंडं सुट्टी काढतात, मग तारीख ठरते. त्यात महिने जातात, कधी कधी वर्षं. तोवर देह घरातच असतो आणि त्या माणसाला मेलेला म्हणत नाहीत, 'तो माकुला' (तोराजा भाषेत 'आजारी माणूस') म्हणतात. त्याच्यापुढे जेवण ठेवतात, येता-जाता त्याच्याशी बोलतात. पूर्वी देह टिकवायला वनस्पती वापरत, आता फॉर्मालिनचं इंजेक्शन देतात.

मोठे विधी जुलै ते सप्टेंबर या काळात सर्वाधिक होतात. भाताची कापणी उरकलेली असते, पाऊस कमी असतो आणि बाहेरगावचे नातेवाईक येऊ शकतात. दुसरा छोटा हंगाम डिसेंबरअखेरीस, कारण बहुसंख्य तोराजा आता ख्रिस्ती आहेत आणि नाताळला घरी येतात. या महिन्यांत गेलात तरी रांतेपाओत किमान चार पूर्ण दिवस हाताशी ठेवा. पोचल्या दिवशी वाटाड्या गाठायचा. या आठवड्यात कुठल्या गावात कुठला दिवस आहे हे त्याला माहीत असतं. मग विधीचा दिवस आधी पक्का करायचा आणि थडगी, गावं, बाजार त्याच्या अवतीभवती बसवायचे. उलट क्रमाने आखलंत तर विधी हुकतो.

आपण कुणाच्या तरी मयताला पाहुणे म्हणून चाललोय, हे डोक्यात पक्कं असलं की कपडे काय घालायचे, हातात काय न्यायचं, कॅमेरा कधी काढायचा हे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

साळुंकी

छान धागा. मुंबईहून सगळ्यात सरळ मार्ग कोणता? आणि तोराजाला विमानतळ झालाय असं ऐकलं, मग बसने जायची गरज आहे का?

नकाशा

मुंबई ते जकार्ता किंवा बाली, तिथून देशांतर्गत विमानाने मकासार. जकार्ताहून अडीच तासांच्या आत, बालीहून दीड तासाच्या आत पोचता. मकासारचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. दुपारचं जोडविमान धरताना हा हिशोब चुकतो आणि रात्रीची बस सुटते.

भारतीय पासपोर्टला तिथे पोचल्यावर व्हिसा मिळतो, घरूनच ऑनलाइनही काढता येतो. फी पाच लाख रुपिया, मुदत ३० दिवस, एकदा ३० दिवस वाढवून मिळते. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. हजार रुपिया म्हणजे आपले साधारण पाच-साडेपाच रुपये, एवढं लक्षात ठेवलं की बाजारात गोंधळ होत नाही.

तोराजातल्या मेंगकेंडेकच्या विमानतळाचं उद्घाटन २०२१ मध्ये झालं, पण तिथे छोटी विमानं उतरतात, फेऱ्या कमी आणि डोंगरात ढग उतरले की रद्द होतात. पुढचं आंतरराष्ट्रीय विमान त्याच दिवशी असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. बस हाच खात्रीचा मार्ग. मकासारच्या दाया भागातून बसगाड्या सुटतात आणि हा भाग विमानतळाच्या बाजूलाच आहे, त्यामुळे शहरात शिरावं लागत नाही. रात्री नऊ-दहाच्या सुमारास निघालेली गाडी पहाटे रांतेपाओला सोडते. आठ ते दहा तास धरा. आसनं ऐसपैस असतात, पण एसी इतका थंड की स्वेटर वरच्या पिशवीतच ठेवावा.

जाताना रात्रीची आणि येताना दिवसाची बस धरा. पारेपारेपर्यंत रस्ता समुद्राच्या अंगाने जातो, पुढे एनरेकांगपासून घाट लागतो आणि तिथली डोंगररांग दिवसाउजेडी पाहण्यासारखी आहे. घाट लागणाऱ्यांनी गोळी पारेपारेला घ्यावी. वळणं सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

रानवाटा

विधी कसा चालतो ते सविस्तर लिहिते, कारण कोणत्या दिवशी जायचं हे त्यावरच ठरतं.

मोठ्या घरचा रांबू सोलो तीन-चार दिवसांपासून आठवडाभर चालतो. गावच्या मोकळ्या जागेभोवती किंवा तोंगकोनानच्या (होडीसारख्या छपराचं मूळ घर, तोंड उत्तरेला) अंगणात बांबूचे मांडव उभारतात. त्यांना लांतांग म्हणतात आणि प्रत्येकावर क्रमांक असतो. मध्ये किंवा एका बाजूला लाक्कियान नावाचा उंच मनोरा, शवपेटी त्याच्या वरच्या मजल्यावर राहते.

पहिल्या मोठ्या दिवशी पेटी घरातून काढून मिरवत लाक्कियानवर चढवतात. पुढे लांबलचक लाल कापड, ते डोक्यावर धरून घरच्या बायका चालतात, मागे तरुण पोरं पेटी खांद्यावर घेऊन ओरडत, हिंदकळवत नेतात. आपल्या डोळ्यांना हे बेभान वाटतं, पण त्यांच्या दृष्टीने तोच निरोपाचा मान आहे. इथे उभं राहताना वाटेच्या उताराकडच्या बाजूला थांबू नका. पेटी घेऊन येणारा लोंढा बाजूला सरकला की मागे हटायला जागा राहत नाही.

त्यानंतर पाहुणे स्वीकारायचे दिवस. एकेका गावचे, एकेका घराण्याचे लोक रांगेने आत येतात. पुढे बांबूला बांधलेली डुकरं, रेडे, मागे माणसं. यजमान त्यांना स्वागताच्या मांडवात बसवतात, कॉफी, चहा, खाऊ, सिगारेट फिरते. संध्याकाळी मा'बादोंग: काळ्या कपड्यांतली माणसं हात गुंफून रिंगण धरतात आणि गेलेल्या माणसाचं आयुष्य संथ सुरात गातात. पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच दिवस निवडावा असं माझं स्पष्ट मत आहे. पाहुण्याला बसायला जागा असते, कुणी ना कुणी बोलायला येतं आणि विधीची सगळी रचना डोळ्यांपुढून जाते.

मग रेडे कापायचा दिवस, आणि शेवटी दफन.

कपडे काळे किंवा गडद. गुडघे, खांदे झाकलेले. पायात बंद बूट, कारण दुपारनंतर अंगणात चिखल होतोच. हातात भेट हवी: सिगारेटचं एक 'स्लोप', म्हणजे दहा पाकिटांचा खोका, ही रूढ भेट. सिगारेट द्यायला नको वाटत असेल तर तीन-चार किलो साखर आणि कॉफी न्या, तेही तितकंच चालतं. रांतेपाओच्या कुठल्याही दुकानात मिळतं. भेट परस्पर कुणाच्याही हातात देऊ नका, वाटाड्या घरच्या जबाबदार माणसाकडे नेऊन देतो. 'तुरुत बेरदुका चिता' (तुमच्या दुःखात सहभागी आहोत) एवढं म्हणता आलं तरी पुरे. आभारासाठी तोराजा भाषेत 'कुर्रे सुमांगा'.

भाताच्या कोठाराखालचा ओटा रिकामा दिसला तरी तिथे टेकू नका. ती मानाच्या माणसांची जागा असते. लाक्कियानवर चढू नका. जेवणाचा आग्रह झाला तर थोडं तरी घ्या, निदान कॉफी.

उंबर

माहिती चांगली आहे, पण मूळ गोष्टीलाच माझा आक्षेप आहे. परक्याच्या मयताला फोटो काढायला जाणं हा त्या दुःखाचा तमाशा नाही का? आणि डझनावारी रेडे कापायचे, त्यापायी घरं कर्जात बुडायची, याला आपण प्रेक्षक म्हणून पाठबळच देतो.

घाटमाथा

आक्षेप रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

पाहुण्यांचं म्हणाल तर रांबू सोलोला गर्दी होणं हा गेलेल्याचा सन्मान समजतात. रीतीने आलेला, बसलेला, भेट दिलेला परका माणूस त्यांना खटकत नाही. खटकतो तो मांडवांच्या मधून कॅमेरा घेऊन धावणारा, ड्रोन उडवणारा आणि अर्ध्या तासात निघून जाणारा. रडणाऱ्या नातेवाइकांचे जवळून फोटो काढू नयेत, एवढं पाळलं तरी खूप झालं.

रेड्यांमागचा हिशोब समजून घेतला पाहिजे. मूळ श्रद्धा अशी की रेड्याच्या पाठीवरून आत्मा पुया या पितरांच्या देशी जातो, आणि पहिला रेडा पडेपर्यंत माणूस मेला असं धरतच नाहीत. उच्च कुळात २४ किंवा त्याहून जास्त रेड्यांची रीत आहे. पण हे सगळे रेडे एका घराने विकत घेतलेले नसतात. बरेचसे नातेवाइकांनी आणलेले असतात, आणि कुणी काय आणलं हे नोंदवून ठेवतात. आपल्या लग्नातली आहेराची वही असते तसंच. त्यांच्या घरी प्रसंग आला की तेवढ्याच तोलाचं जनावर परत द्यायचं, आणि हे ऋण मुलांकडे वारशाने जातं. मांसाचे वाटे मानाप्रमाणे गावभर जातात, काही भाग लिलावात विकून ते पैसे गावाच्या किंवा चर्चच्या कामाला लावतात. कापलेल्या जनावरांवर स्थानिक प्रशासन कर घेतं.

साधा काळा रेडा दोन कोटी रुपियांच्या पुढे, म्हणजे आपले लाखभर रुपये. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आणि फिकट डोळे असलेला 'तेदोंग सालेको' पन्नास कोटी रुपियांच्या वर जातो. म्हणजे सव्वीस-सत्तावीस लाख रुपये एका जनावराला. रांतेपाओजवळच्या बोलू बाजारात शनिवारी सकाळी हे रेडे रांगेने उभे असतात, मालक त्यांना धुऊन, घासून आणतात. विधी पाहणार असाल तर त्याआधी हा बाजार पाहाच. मग मांडवात आलेला प्रत्येक रेडा म्हणजे किती वर्षांची कमाई आहे हे कळतं.

कर्जाचा मुद्दा खरा आहे. खर्चाला आवर घालावा असं म्हणणारे तोराजांमध्येही आहेत. तो वाद त्यांच्यात चालू आहे आणि तो त्यांनीच सोडवायचा आहे.

पिंपळपान

दोन प्रश्न. सोबत नऊ वर्षांचा मुलगा असेल तर न्यावं का? आणि आम्ही शाकाहारी आहोत, तिथे निभावेल का?

रानवाटा

मुलाला थडगी, गावं आणि पाहुण्यांच्या स्वागताचा दिवस दाखवायला हरकत नाही. त्या दिवशीही डुकरं कापतात आणि बांबूला बांधलेल्या डुकरांचा कर्कश आवाज दिवसभर चालू असतो, याची कल्पना त्याला आधी द्या. रेडे कापायच्या दिवशी नेऊ नका. रेड्याचा पाय खुंट्याला बांधतात आणि कोयत्याच्या एकाच वाराने गळा चिरतात. रेडा लगेच पडेलच असं नाही, काही मिनिटं उभा राहतो, धडपडतो, दोर ताणतो. मोठ्यांनीही दोराच्या पल्ल्यात उभं राहू नये. खुंटा उपटला तर जनावर सरळ गर्दीत येतं. मांडवाच्या उंचवट्यावर, वाटाड्या सांगेल तिथेच बसा.

शाकाहाराचं निभावतं, पण बोलून घ्यावं लागतं. भात सगळीकडे. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, पालेभाज्या, शेंगदाण्याच्या चटणीतलं गाडो-गाडो मिळतं. अडचण वरून दिसत नाही, ती चटणीत असते. तेरासी म्हणजे कोलंबीपासून केलेला वाटलेला मसाला तिखटात सर्रास घालतात. 'साया तिदाक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग, तेरासी' हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून खिशात ठेवा: मी मांस, कोंबडी, मासे, कोलंबी, तेरासी खात नाही. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर ताटात मासा येतो. बांबूच्या नळीत शिजवलेलं पा'पियोंग तिथली खासियत, पण त्यात बहुधा डुकराचं किंवा कोंबडीचं मांस असतं. विधीच्या ठिकाणी शाकाहारी माणसाला भात आणि कॉफी एवढंच धरून चाला. दशम्या, चटणी बरोबर ठेवाच.

कोकणवारा

थडग्यांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. विधी मिळाला नाही तरी यांच्यासाठी तोराजाला जावं इतकी ही जागा मोलाची आहे.

जुनी पद्धत एरोंगची: लाकडी शवपेटी, आकार होडीचा, रेड्याचा किंवा डुकराचा, वर कोरीवकाम. त्या कड्याला आडव्या ठोकलेल्या तुळयांवर ठेवत. रांतेपाओच्या दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर केते केसू गाव आहे, तिथे घरांच्या मागून पायऱ्या चढल्या की या पेट्या दिसतात. तुळया कुजून कित्येक पेट्या खाली आल्या आहेत, लाकूड फुटून हाडं बाहेर पडली आहेत. त्यांतल्या एका पेटीवरची नक्षी जवळून पाहा: तोंगकोनानच्या भिंतीवर असतात तीच वेटोळी इथेही आहेत. कवट्या उचलून, मांडून फोटो काढणारे महाभाग दिसतात. तसं करू नका, त्या घराण्याची माणसं समोरच्या घरात राहतात.

पेट्यांबरोबर ठेवलेल्या वस्तू चोरीला जायला लागल्या, म्हणून थडगी उंच कड्यात गेली असं तिथे सांगतात. कड्यात छिन्नीने खोली खोदायची, तिला लियांग म्हणतात. एक खोदायला महिने लागतात, म्हणून ती एकट्याची नसते, घराण्याची असते. तोंड चौकोनी, जेमतेम पेटी जाईल एवढं, आणि त्याला लाकडी दार. हे पाहायचं ते लेमोला, रांतेपाओपासून दहा-बारा किलोमीटर. कड्यात कोरलेल्या सज्ज्यांत ताऊ-ताऊ, म्हणजे मृतांचे लाकडी पुतळे, कठड्यावर हात पुढे करून उभे असतात. लाकूड फणसाचं. जुने पुतळे ठोकळेबाज चेहऱ्याचे, नवे हुबेहूब माणसासारखे. पुतळा सगळ्यांचा होत नाही, वरच्या कुळांचा तो मान. १९८० च्या दशकात कित्येक ताऊ-ताऊ चोरीला जाऊन परदेशी संग्राहकांकडे पोचले, त्यामुळे आज दिसणाऱ्यांत नव्याने केलेलेही आहेत. लेमोला सकाळी लवकर जा, दुपारनंतर कडा सावलीत जातो.

लोंडा ही गुहा, रांतेपाओपासून सहा-सात किलोमीटर. दारात कंदीलवाला मिळतो, त्याला घ्याच. आत घोट्याखाली दगड ओले असतात, छत काही ठिकाणी इतकं खाली येतं की रांगत जावं लागतं. डोक्याला टॉर्च लावलात तर हात मोकळे राहतात. पेट्यांच्या फटींत सिगारेटी, पाण्याच्या बाटल्या दिसतील. ते नातेवाइकांनी आणलेलं असतं, कचरा समजून उचलू नका.

कांबिराला झाडातली थडगी आहेत. दात येण्यापूर्वी गेलेल्या बाळाला जिवंत झाडाच्या खोडात खळगा कोरून ठेवत आणि तोंड माडासारख्या एका झाडाच्या काळ्या काथ्याने बंद करत. झाड निवडत ते दुधासारखा चीक येणारं, म्हणजे बाळाला दूध मिळत राहील आणि झाडाबरोबर ते वाढेल. ही रीत बंद होऊन अनेक दशकं झाली. तिथे मोठ्याने बोलू नये एवढंच सांगतो.

तिथून जवळच सुआयाला राजघराण्याच्या कड्यातल्या कबरी आहेत. लेमो, कांबिरा, सुआया एका दिवसात होतं. केते केसू आणि लोंडा दुसऱ्या अर्ध्या दिवसात. उत्तरेचा दिवस वेगळा ठेवा: बोरी, मग चढ घेत बातुतुमोंगा, पुढे लोको माता. लोको माता म्हणजे रस्त्याच्या कडेचा एक प्रचंड गोल पाषाण आणि त्यात सगळीकडून कोरलेली थडगी. बातुतुमोंगाहून भातखाचरांचं खोरं दिसतं. उंचीमुळे दुपारी ढग येतात, म्हणून निघायचं ते सातच्या आत.

उंबर

बोरीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. बोरी कालिंबुआंगला १०२ उभ्या शिळा आहेत: २४ मोठ्या, २४ मध्यम, ५४ लहान. मोठा विधी झालेल्या माणसासाठी एक शिळा उभी करतात. आपल्या विदर्भातल्या, नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांशी लोक यांची तुलना करतात, पण फरक लक्षात घ्या. विदर्भात वर्तुळाच्या आत, जमिनीखाली दफनाचे अवशेष, मडकी, लोखंडी हत्यारं निघाली. बोरीच्या शिळेखाली कुणी पुरलेलं नाही, ती स्मारक आहे, आणि विधीच्या वेळी रेडा बांधायलाही तिचा उपयोग होतो. त्या दृष्टीने भामरागडकडे माडिया लोक मृतांसाठी उभे करतात ते दगड बोरीला जास्त जवळचे.

आणि घाटमाथा, तुमचं उत्तर पटलं. आहेराच्या व्यवहाराची बाजू मला ठाऊक नव्हती.

साळुंकी

प्रेतांचे कपडे बदलतात तो सोहळा ऑगस्टमध्येच असतो ना? तो पाहायला मिळतो का?

घाटमाथा

त्याला मा'नेने म्हणतात. बहुतेक ऑगस्टमध्ये, कापणी झाल्यावर आणि पुढची लावणी सुरू होण्याआधी. बारुप्पू आणि रिंडिंगाल्लो हे उत्तरेचे भाग त्यासाठी माहीत आहेत. घराघराच्या रीतीप्रमाणे काही वर्षांनी एकदा पेट्या बाहेर काढतात, देह साफ करतात, उन्हात ठेवतात, नवे कपडे घालतात, पेटी बिघडली असेल तर बदलतात. त्या दिवशी मुलंबाळं आजोबांना पहिल्यांदा बघतात. वातावरण भेटीगाठीचं असतं, रडारडीचं नाही.

त्याची तारीख रांबू सोलोपेक्षाही उशिरा कळते आणि रांतेपाओपासून रस्ता लांबचा, खराब. पावसानंतर जीपच लागते. फोटोला आधी विचारा: 'बोलेह फोतो?' मान हलली तरच. देहाला हात लावू नका, शेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढू नका.

कधी वाटाड्या 'घरात ठेवलेला देह दाखवतो' असं सुचवतो. कुटुंबाची ओळख असेल तरच जावं. गेलात तर आजाऱ्याला भेटायला गेल्यासारखं आत जायचं, भेट द्यायची, निघताना त्या व्यक्तीचाही निरोप घ्यायचा. 'मेला' हा शब्द त्या खोलीत उच्चारायचा नाही.

एक तपशील राहिला होता. आलुक तो दोलो, म्हणजे पितरांचा मार्ग, हा मूळ धर्म १९६९ पासून इंडोनेशियात कागदोपत्री हिंदू धर्माची शाखा म्हणून नोंदलेला आहे. त्यामुळे 'मी हिंदू' म्हटल्यावर एखादी म्हातारी व्यक्ती आपुलकीने काही विचारू लागली तर नवल वाटू देऊ नका. पण तिथले देव, विधी, पुरोहित सगळे वेगळे आहेत, आपले अर्थ त्यांच्यावर लादू नयेत.

पिंपळपान

वाटाडा दिवसाला किती घेतो? आणि मोटरसायकल भाड्याने घेतली तर चालेल का?

नकाशा

वाटाड्याला दिवसाचे पाच लाख रुपियांच्या आसपास, गाडी धरली तर त्याहून जास्त. चौघांत गाडी केली तर परवडते. आदल्या संध्याकाळी भेटून तीन गोष्टी तोंडी ठरवा: गाडी आणि पेट्रोल त्यात आहे का, प्रवेशशुल्क कोण भरणार, आणि विधी लांबला तर थांबायचे वेगळे पैसे का. भांडणं याच तीन गोष्टींवरून होतात.

मोटरसायकल दक्षिणेकडच्या स्थळांना ठीक, रस्ते बरे आहेत. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का हवा, नुसता चारचाकीचा असेल तर अपघातात विमा कंपनी दावा नाकारते. बातुतुमोंगाच्या वर खडी आणि तीव्र चढ आहे, मागे माणूस बसवून स्कूटर चढत नाही. दुपारनंतर पाऊस धरून चाला, कोरड्या महिन्यांतसुद्धा.

रांतेपाओ-मकाले दरम्यान सामायिक व्हॅन दिवसभर धावतात, लेमोच्या फाट्यावर उतरून थोडं चालावं लागतं. एटीएम दोन्ही गावांत आहेत, पण विधीच्या हंगामात रोकड संपते, म्हणून दोन दिवसांचे पैसे मकासारहूनच काढून घ्या. परतीच्या बसचं तिकीट पोचल्या दिवशीच काढा. ऑगस्टच्या शेवटी गावी आलेली सगळी माणसं एकदमच परत निघतात आणि दिवसाच्या गाडीत जागा उरत नाही.